पहिल्यांदा विमानाने जाताय? मग या रांगेचा इतिहास ऐका

भिवंडीतून बोलतोय. ज्यांना इअरफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग लिहूनही देतोय.

मागच्या महिन्यात मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये काम करणारा मुलगा भेटला. डिस्पॅचला आहे. कंपनी त्याला हैदराबादला पाठवत होती, तिथलं नवीन गोडाऊन लावून द्यायला. तिकीट विमानाचं. घरातून विमानात बसणारा हा पहिलाच. मला म्हणाला, "दादा, विमान पडेल याची भीती नाही वाटत. काउंटरवर आपलं हसं होईल याची वाटते."

ही भीती मला माहीत आहे. पहिल्या वेळी मीही पुढच्या माणसाचं बघून बघून सगळं केलं होतं. त्याने बेल्ट काढला की मी बेल्ट काढला. पण कुठली गोष्ट का करायची हे कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून प्रत्येक टेबलावर परीक्षाच वाटत होती. तर आज आपण ती रांग दारापासून सीटपर्यंत चालून जाऊ, आणि प्रत्येक थांब्यावर विचारू, हा थांबा इथे आला कधी आणि कशामुळे?

आधी पोस्टाच्या पिशव्या, मग माणसं

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानात निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हता. होती ती टपाल. जुहूहून पुढे मद्रासपर्यंत ती टपाल नेव्हिल विन्सेंट यांनी नेली. आपल्याकडची नियमित हवाई सेवा सुरू झाली ती अशी. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने नेलेले प्रवासी होते फक्त १५५. आज एका मध्यम विमानात एका वेळी त्याहून जास्त लोक बसतात.

म्हणजे माणूस तेव्हा जादा पार्सल होता. जागा उरली, वजन उरलं, तर बसा. त्या काळात काही विमान कंपन्या सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करायच्या. यात अपमान नव्हता. छोटं विमान किती ओझं घेऊन उडेल याचा हिशोब पायलटला लागायचाच.

तो काटा अजून आहे, फक्त आपण त्यावरून उतरलो आणि बॅग राहिली. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो बॅग काउंटरवर देता येते आणि ७ किलो हातात नेता येते. तुमच्या तिकिटावर आकडा लिहिलेला असतो, तो बघा. घरूनच वजन करून निघा. वजन जास्त भरलं तर पैसे लागतात, आणि सगळ्यांसमोर बॅग उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढावी लागते ती वेगळीच.

मुंबईत विमानतळ नेमका कुठला?

भिवंडीकरांची पहिली चूक इथे होते, आणि तिलाही इतिहास आहे. जुहूची जमीन सखल. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की टाटांची सेवा त्या महिन्यांत पुण्यातून चालायची. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. युद्ध संपल्यावर नागरी वाहतूक तिकडे गेली. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी विमानांसाठी सहारला वेगळी इमारत उभी राहिली. म्हणून आपले जुने लोक आजही म्हणतात, देशात जायचं तर सांताक्रूझ, परदेशात जायचं तर सहार.

ते आता खरं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये सहारला नवं टी-टू सुरू झालं, आणि तिथून देशातलीही विमानं सुटतात. टी-वन वेगळं, त्याचा रस्ता वेगळा, मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर दोघांची स्टेशनंसुद्धा वेगळी. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तिथूनही विमानं उडायला लागली.

तिकिटावर तीन अक्षरं असतात. बीओएम म्हणजे मुंबई. शहराचं नाव १९९५ला बदललं, पण कोडमध्ये बॉम्बे राहिलं. एनएमआय म्हणजे नवी मुंबई. बीओएम असेल तर पुढे टी-वन आहे की टी-टू हेही वाचा. माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर हे कळून उपयोग नाही.

दारावर बंदूकधारी का?

टर्मिनलच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र मागतो. माझ्या मित्राला सगळ्यात जास्त धास्ती याचीच. पूर्वी असं नव्हतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं विमानात चढताना झडतीच नसायची.

३० जानेवारी १९७१. इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघालं आणि दोन तरुणांनी ते लाहोरला नेलं. प्रवासी सुटले, पण विमान तिथे जाळलं गेलं. त्यांच्या हातातलं पिस्तूल नकली होतं आणि हातबॉम्ब लाकडाचा. चढताना कुणी नीट बघितलं असतं तर एवढ्यावर विमान गेलं नसतं. सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईकडे निघालेलं आणखी एक विमान पळवलं गेलं. त्यानंतर एक समिती बसली, आणि १९७८ मध्ये विमान सुरक्षेचं काम बघणारा ब्युरो तयार झाला.

मग ५ सप्टेंबर १९८६. पॅन ॲमचं विमान मुंबईहूनच निघालं होतं, पुढे जायचं होतं फ्रँकफर्ट आणि न्यूयॉर्कला. कराचीला थांबलं तेव्हा विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचे कपडे घालून अतिरेकी आत शिरले. प्रवाशांना वाचवताना नीरजा भनोत गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. आणि डिसेंबर १९९९, काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं. ते प्रकरण आठ दिवस चाललं. लगेच पुढे, फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ सीआयएसएफकडे द्यायला सुरुवात झाली.

तो जवान तुमचं इंग्रजी तपासत नाही, चपलाही बघत नाही. ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच आहे का, आणि चेहरा तोच आहे का, एवढंच बघतो. म्हणून तिकीट काढतानाच आधार समोर ठेवा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर वेगळा असतो, स्पेलिंग तर विचारूच नका. आधारवर जसं आहे तसंच तिकिटावर टाका. काही विमानतळांवर डिसेंबर २०२२पासून डिजियात्राचं वेगळं दार आलंय, तिथे कॅमेरा चेहरा ओळखतो. ते ऐच्छिक आहे. ॲप नसेल तर साधी रांग आहेच.

बॅगेवरची पट्टी

आता काउंटर. इथे मी त्या मुलाला म्हटलं, "अरे, हे तर तुझंच काम आहे." वजन, लेबल, बारकोड, स्कॅन, लोडिंग. भिवंडीच्या गोडाऊनमधून माल जसा निघतो तशीच बॅग निघते. पट्टीवर दहा आकडी नंबर असतो आणि जायच्या शहराची तीन अक्षरं. छोटा तुकडा तुम्हाला देतात. ती तुमची बिल्टी. बॅग आली नाही तर त्याच नंबरावर शोधतात, म्हणून सामान हातात येईपर्यंत फेकू नका.

पण विमानाच्या मालात एक नियम आहे जो ट्रकच्या मालात नाही. माल आणि मालक एकाच गाडीतून गेले पाहिजेत. हा नियम इतका कडक का झाला?

जून १९८५. कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका माणसाने बॅग दिली, ती पुढे एअर इंडियाच्या विमानात चढवायला लावली, आणि स्वतः विमानात बसलाच नाही. बॅग एकटी निघाली. टोरंटोला सामान तपासायचं एक्स-रे मशीन त्या दिवशी बंद पडलं होतं. २३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर, एकतीस हजार फुटांवर 'कनिष्क'चा स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. दिल्लीमार्गे मुंबईला यायचं होतं ते विमान. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर तशीच दुसरी बॅग फुटली आणि सामान उतरवणारे दोन कामगार मेले. लोडिंगचं काम करणारी माणसं, आपल्यासारखीच. त्यानंतर १९८७ मध्ये आपला सुरक्षा ब्युरो स्वतंत्र खातं झाला.

म्हणून आज गेटवर डोकी मोजतात. बॅग दिलेला एखादा प्रवासी आला नाही, तर विमानाच्या पोटातून त्याची बॅग शोधून उतरवतात. माईकवर एखाद्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारतात तेव्हा हेच चाललेलं असतं. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २० ते २५ मिनिटं आधी, तो याच सगळ्या कामासाठी. कल्याण नाक्यावरून "दोन मिनिटांत पोहोचतो" हे विमानाला सांगता येत नाही.

काउंटरवर विचारतील, बॅगेत पॉवर बँक आहे का? ती खाली द्यायच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. त्या बॅटरीला आग लागली तर वर माणसं असतात, विझवतात. खाली सामानात कुणी नसतं. लायटर आणि काडेपेटी तर घरीच ठेवा. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी पाण्याची किंवा तेलाची बाटली चालत नाही. पेयाच्या बाटल्यांतून स्फोटक नेण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासूनचा तो नियम.

बोर्डिंग पास

पूर्वी तिकीट म्हणजे कार्बनच्या प्रतींचं छोटं पुस्तक असायचं, हरवलं की डोक्याला हात. १ जून २००८पासून जगभरातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी कागदी तिकीट बंद केलं. आता खरं तिकीट कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. फोनवर वेब चेक-इन केलं की मिळणारा चौकोनी कोड म्हणजे बोर्डिंग पास. त्यात नाव, फ्लाइट, सीट, सगळं भरलेलं असतं. फोनची बॅटरी गेली तरी घाबरू नका, ओळखपत्र दाखवून काउंटरवर कागदाचा पास मिळतो. पासवर दोन वेळा असतात, बोर्डिंगची आणि उड्डाणाची. तुमची वेळ पहिली. आणि गेट नंबर बदलू शकतो, स्क्रीन बघत राहा.

आपल्या आधी गेलेले

भिवंडीला ही रांग नवी नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत सगळ्यात आधी विमानात बसली ती आजी, हजला जाताना. १९९५पर्यंत मुंबईहून हजची जहाजं जायची. ती बंद झाली आणि सगळेच विमानाने जायला लागले. सत्तरीची आजी, कधी ठाण्याच्या पुढे एकटी न गेलेली, गळ्यात ओळखपत्राची पिशवी अडकवून टी-टूच्या दारातून आत जाते. तिला बोर्डिंग पास वाचता येत नाही. ती विचारते. विचारत विचारत मक्केला पोहोचते.

आणि २०२० विसरू नका. मे महिन्याच्या सुरुवातीला लॉकडाउनमध्ये आपल्या भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरला मजुरांची खास गाडी सुटली. लूम बंद, हाताला काम नाही, हायवेवर चालत निघालेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली. त्याच महिन्यात, २८ तारखेला पहाटे, मुंबई विमानतळावरून एक विमान रांचीला गेलं. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून ते ठरवलं होतं. आत पावणेदोनशेच्या आसपास मजूर आणि त्यांची माणसं, बहुतेक सगळे पहिल्यांदाच विमानात बसणारे. त्या दिवशी चेक-इनच्या रांगेत कुणाला लाज वाटायचं कारण नव्हतं, कारण पुढचा आणि मागचा दोघेही नवेच होते.

मला तर वाटतं रोजच तसं समजावं. तुमच्या पुढे कोट घालून उभा असलेला माणूसही कधीतरी पहिल्यांदाच आला होता. आणि ही रांग हुशार कोण, अडाणी कोण हे ठरवायला कुणी बनवलेली नाही. कुठेतरी कुणीतरी बघायचं राहून गेलं आणि माणसं गेली, म्हणून एकेक टेबल वाढत गेलं.

तो मुलगा हैदराबादला पोहोचला. रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, मॅडमनी विचारलं, बॅगेत पॉवर बँक आहे का? मी म्हटलं, नाही, खिशात आहे. त्या म्हणाल्या, ठीक आहे. एवढंच झालं." मग थोडा थांबून म्हणाला, "त्यांचा बॅगेचा बेल्ट आपल्यापेक्षा स्लो आहे."

तुमच्या घरातून पहिल्यांदा विमानात कोण बसलं होतं? आजीला, काकाला विचारा आणि मला पाठवा. भेटू पुढच्या भागात.