कपडे वाळवणे (घरगुती)

कपडे वाळवणे : धुऊन पिळलेल्या कपड्यांतले पाणी यंत्राच्या उष्णतेवाचून, उघड्या हवेवर उडू देण्याची घरगुती रीत. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत धुलाईयंत्र आले, पण वाळवणीयंत्र सहसा आलेले नाही. वर्षातले आठ महिने त्याची गरजही पडत नाही. खरी ओढाताण होते ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

कपडे उन्हाने वाळतात हा समज अर्धाच खरा आहे. ऊन कापड आणि भोवतालची हवा तापवते. पाणी वाहून नेते ती हवा. त्या हवेत आणखी किती वाफ मावू शकते आणि कपड्याला चिकटलेला दमट थर वारा किती लवकर हटवतो, या दोन गोष्टींवर सगळे ठरते. नागपुरात मेच्या दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवा आणखी सुमारे ५० ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. मुंबईत जुलैमध्ये २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हाच आकडा जेमतेम ४ ग्रॅमवर येतो. तापमानात फरक १४ अंशांचा, पण हवेच्या तहानेत बारा पटींचा. धाग्याचा वाटाही मोठा आहे. प्रमाणित हवेत (२० अंश, ६५ टक्के आर्द्रता) कोरडा म्हणवणारा सुती कपडाही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून टेरिकॉटचा शर्ट रात्रीत वाळतो आणि त्याच दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरपट्ट्यापाशी, खिशांच्या अस्तरात ओलीच लागते.

जुन्या घरांत वाळत घालण्याचे मुख्य साधन म्हणजे दांडी : छताला दोन्ही टोकांनी टांगलेला, हात पुरणार नाही इतक्या उंचावरचा बांबू. कपडा चढवायला वेगळी काठी असे. काठीच्या टोकावर ओला पिळा पेलून दांडीवर टाकायचा, मग तीच काठी दोन पदरांच्या मधून फिरवत कापड उलगडत न्यायचे. नऊवारी लुगड्याला हे कसब लागे. सोवळ्याचे कपडे कोणाचा हात लागू नये म्हणून असे उंच वाळत घालत. कारण धार्मिक असले, तरी जागा वाळवणीच्या दृष्टीनेही नेमकी होती : घरातली ऊबदार हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडते, त्या वाटेवरच दांडी येई. दांडीची जागा पुढे दोरीने, म्हणजे सुंभाच्या, नायलॉनच्या आणि प्लास्टिक चढवलेल्या तारेच्या वलणीने घेतली. उघडी लोखंडी तार स्वस्त पडते, पण पांढऱ्या कपड्यावर तिने उमटवलेला गंजाचा डाग साबणाला दाद देत नाही. मुंबईच्या महालक्ष्मी धोबीघाटावर दोन दोऱ्या एकमेकींत पिळून बांधतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात खोचतात. तिथे चिमटा लागत नाही. घरगुती वापरातले प्लास्टिकचे चिमटे उन्हाने ठिसूळ होऊन दोन-तीन उन्हाळ्यांत मोडू लागतात, तरी ही युक्ती घरांत फारशी शिरलेली नाही.

पावसाळा. भारतीय हवामान विभागाच्या २०२० च्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत सरासरीने ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. या काळात कोकणात उघडीप मिळाली तरी तिच्यावर विसंबता येत नाही; गॅलरीतले कपडे दिवसातून चारदा आत-बाहेर होतात. पूर्वी पडवी झापांनी बंद करून आत दोऱ्या बांधत, आणि चुलीच्या वरच्या भागात जाड कपडे टाकत. ते वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे. तान्ह्या बाळाच्या बाळोत्यांना हा उशीर परवडत नसे. ती शेगडीतल्या निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून तिच्यावर पसरत. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग टाकले की धुरीही होई. बंद खोलीत ही शेगडी धोक्याची, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

फ्लॅटमध्ये चूल नाही आणि कौलही नाही. यंत्रात पिळून काढलेल्या चार किलो कपड्यांत साधारण दोन लिटर पाणी उरते. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा जुलैच्या दमटपणात फार तर दीडशे ग्रॅम वाफ सामावते. म्हणजे तेवढी हवा निदान तेरा-चौदा वेळा बदलल्याशिवाय कपडे वाळणार नाहीत. पावसाचा ओलावा आत नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या की कपड्यांचा ओलावा आतच फिरतो आणि कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते. खिडकी उघडी किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवून छताच्या पंख्याखाली स्टँड मांडणे हा उपाय साधा, आणि खर्चाच्या मानाने सर्वांत परिणामकारक. ७५ वॉटचा पंखा आठ तास फिरला तर ०.६ युनिट वीज जाते. तेच दोन लिटर पाणी केवळ उष्णतेने उडवायला किमान १.३ युनिट लागतात. त्याहून स्वस्त म्हणजे यंत्राला पिळण्याचा आणखी एक फेरा देणे, आणि कपडे वाळत घालण्याआधी जोरात झटकणे. एकावर एक दाटीने टाकलेले कपडे मात्र पंख्यालाही जुमानत नाहीत. दोन कपड्यांत वितीचे अंतर हवे, हे जागेच्या टंचाईत कोणी पाळत नाही.

पावसाळ्यातल्या कपड्यांना येणारा कुबट वास हा नुसत्या ओलाव्याचा नसतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी तो ‘मोराक्झेला ऑस्लोएन्सिस’ या जीवाणूपर्यंत नेऊन भिडवला : कापडातला घाम आणि तेलकटपणा यांवर वाढताना हा जीवाणू एक मेदाम्ल तयार करतो, वास त्याचा. वाळण्याने आणि अतिनील किरणांनी तो सहजासहजी मरत नाही, म्हणून ऊन दाखवल्यावर निर्धोक वाटणारा टॉवेल पुन्हा ओला होताच वास मारू लागतो. असे कपडे कडक पाण्यात धुणे आणि त्यांचा ओला राहण्याचा वेळ कमी करणे, हेच उपयोगी पडते. अर्धवट ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवून काम भागवणे ही सर्वत्र चालणारी पळवाट आहे. शिवणी ओल्या राहतात आणि दुपारपर्यंत वास परत येतो. खळ केलेली सुती साडी या दिवसांत कपाटात ठेवू नये, बुरशीला पिष्ट आवडते.

पाऊस ओसरताना मोठ्या धुण्याचा हंगाम येतो. पश्चिम महाराष्ट्रात घटस्थापनेआधी घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळा, चादरी नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुतात. यातला हवामानाचा हिशेब अचूक आहे : पात्रात पाणी भरपूर असते आणि भाद्रपदाच्या अखेरीला उन्हाला पुन्हा धार येऊ लागते. गोधडी अनेक पदरांची असल्याने ओली झाली की दोघींशिवाय उचलत नाही. ती दोरीवर न टाकता काठावरच्या तापल्या खडकांवर पसरतात, दुपारी उलटवतात, आणि आतले थर वाळायला बऱ्याचदा दुसरा दिवस घेतात.

हिवाळ्यात देशावर हवा थंड असली तरी कोरडी असते. पुण्यात जानेवारीच्या दुपारी कपडे पावसाळ्यापेक्षा कितीतरी लवकर वाळतात. फसवते ती रात्र. दव पडल्यावर, संध्याकाळी कोरडे झालेले कपडे सकाळी पुन्हा दमट सापडतात, म्हणून दिवेलागणीच्या आत ते काढून घेण्याची पद्धत. उन्हाळ्याबद्दल सांगण्यासारखे थोडे : विदर्भात पातळ सुती सदरा तासाभरात वाळतो, तेव्हा चिंता वाळण्याची नसून रंग उडण्याची असते आणि रंगीत कपडे उलटे करून सावलीत घालतात. हळदीच्या डागासाठी मात्र हेच ऊन लाभदायक, कारण हळदीतले रंगद्रव्य प्रकाशात विघटित होते. गच्चीवर या दिवसांत कुरडया-पापडांचा पहिला हक्क असतो; कपड्यांना कोपरा मिळतो.

वाऱ्याशिवाय वाळलेला टॉवेल कडक का होतो, याचे कारण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मिळते : सुती तंतूंच्या पृष्ठभागावर उरलेले थोडेसे ‘बद्ध’ पाणी त्यांना एकमेकांशी चिकटवते. काढताना झटकला, चुरगाळला की तो पुष्कळसा मऊ होतो.

शहरांत आता जागा हाच मुख्य मुद्दा आहे. चाळीत वरच्या मजल्यावरच्या ओल्या चादरीचे थेंब खालच्यांच्या कठड्यावर, हे भांडण जुने. नव्या सोसायट्यांत इमारतीचा दर्शनी भाग चांगला दिसावा म्हणून बाहेर कपडे घालायलाच मनाई होते आणि सगळा भार स्वयंपाकघरालगतच्या अरुंद ‘ड्राय बाल्कनी’वर येतो. फ्लॅट निवडताना गॅलरीची दिशा पाहणारे थोडेच. मुंबई-पुण्यात डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन खोलवर येते. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येऊन उत्तरेला कलतो आणि जुलैच्या अखेरीस परततो. या अडीच महिन्यांत ढग नसले तरी त्या गॅलरीत दुपारचे ऊन पोचत नाही. तेव्हा वाऱ्याची पश्चिमेची बाजू, किंवा पंखा, हीच सोय उरते.