अदिती चौहान : भारतीय महिला फुटबॉलमधील गोलरक्षकाची १७ वर्षे

अदिती चौहान या भारतीय महिला फुटबॉल संघाच्या माजी गोलरक्षक आहेत. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू म्हणून त्या ओळखल्या जातात. १७ वर्षांच्या कारकिर्दीनंतर जुलै २०२५ मध्ये त्यांनी व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. देशासाठी त्या ५७ सामने खेळल्या.

त्यांचा जन्म २० नोव्हेंबर १९९२ रोजी चेन्नई येथे झाला. बालपण मात्र दिल्लीत गेले. शालेय वयात त्या बास्केटबॉल व कराटे खेळत असत. पुढे फुटबॉलकडे वळल्यावर १९ वर्षांखालील भारतीय संघात आणि त्यानंतर वरिष्ठ संघात त्यांना स्थान मिळाले. दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत २०१२, २०१६ व २०१९ मध्ये विजेत्या ठरलेल्या भारतीय संघांत त्यांचा समावेश होता.

संघात गोलरक्षकाची जागा एकच असते. चेंडू अडविण्याचे व झेलण्याचे तंत्र सरावातून साधते. परंतु गोल सोडून पुढे केव्हा यावे, बचावफळीला केव्हा हाक द्यावी, हे सामन्यांतूनच उमगते. अदिती यांच्या उमेदीच्या काळात भारतात महिलांसाठी राष्ट्रीय पातळीवरील क्लब लीगच नव्हती. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना त्यांना नियमित सामन्यांचे वातावरण लाभले. ऑगस्ट २०१५ मध्ये त्या लंडनच्या वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात दाखल झाल्या. कोव्हेंट्रीविरुद्धचा त्यांचा पहिलाच सामना संघाने ०-५ असा गमावला. तरीही त्यांनी संघातील स्थान टिकविले.

त्याच वर्षी लंडनच्याच आर्सेनल संघात नेदरलँड्सच्या गोलरक्षक सारी व्हान व्हेनेंडाल आल्या. दोघींच्या वयात जेमतेम अडीच वर्षांचे अंतर; वाटचाल मात्र सर्वस्वी निराळी. नेदरलँड्समध्ये महिलांची राष्ट्रीय लीग २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा सारी १७ वर्षांच्या होत्या. उट्रेख्ट व ट्वेंटे या संघांकडून खेळत त्या घडल्या. २०१७ मध्ये नेदरलँड्सने युरोपीय विजेतेपद पटकावले. २०१९ च्या विश्वचषकात संघ उपविजेता ठरला आणि सारी यांना स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा मान मिळाला. भारतीय महिला लीगचा पहिला हंगाम २०१७ च्या प्रारंभी पार पडला, तेव्हा अदिती यांनी वयाची २४ वर्षे ओलांडली होती.

मायदेशी परतल्यावर अदिती यांनी गोकुलम केरळ संघाचे गोलरक्षण केले. या संघाने २०१९-२० च्या हंगामात भारतीय महिला लीग जिंकली. २०२२ मध्ये महाराष्ट्रात झालेली महिला आशियाई चषक स्पर्धा ही त्यांच्यासाठी मोठी संधी होती. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. भारताच्या गोलरक्षणाची जबाबदारी अदिती यांच्याकडेच होती. मात्र कोरोनाबाधित खेळाडूंमुळे भारताला पुढील सामन्यासाठी संघ उभा करता आला नाही. यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला आणि ती बरोबरीही निकालपत्रातून वगळली गेली.

५ जुलै २०२५ रोजी भारतीय महिला संघाने थायलंडला २-१ असे नमवून पात्रता फेरीतून प्रथमच आशियाई चषकात प्रवेश मिळविला. त्या दिवशी भारताच्या गोलपुढे मणिपूरच्या पंथोई चानू उभ्या होत्या. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अदिती यांनी निवृत्ती जाहीर केली. मुलींना लहान वयातच शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळावे, यासाठी त्यांनी ‘शी किक्स’ ही फुटबॉल अकादमी स्थापन केली आहे.