पितळी सूर्यघडी : अस्सल कोणती, नक्कल कोणती?

इंग्लंडमधील जुन्या वाड्यांच्या बागांत आणि चर्चच्या आवारांत दगडी खांबावर बसवलेली पितळेची तबकडी अनेकदा आढळते. तिच्यावर तासांच्या रेघा कोरलेल्या असतात आणि एक त्रिकोणी पाते उभे असते. या पात्याला शंकू म्हणतात. त्याची सावली ज्या रेघेवर पडेल, ती वेळ. जुन्या वस्तूंच्या बाजारात या सूर्यघड्यांना चांगली मागणी आहे आणि त्यामुळेच त्यांच्या नकलाही उदंड आहेत. अस्सल घडी पारखायची, तर प्रथम तिचे गणित समजून घ्यायला हवे.

शंकूची तिरपी कड आकाशातील ध्रुवबिंदूकडे रोखलेली असते. त्यासाठी तिचा तबकडीशी होणारा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका ठेवावा लागतो. लंडनसाठी तो सुमारे साडेएक्कावन्न अंश, तर एडिंबरोसाठी जवळजवळ ५६ अंश असतो. म्हणजेच प्रत्येक सूर्यघडी विशिष्ट स्थळासाठीच घडवलेली असते. लंडनची घडी १९ अक्षांशावरील मुंबईत आणून सपाट ठेवली, तर ती केवळ शोभेची वस्तू ठरेल.

तासांच्या रेघांमधील कोनही सारखे नसतात. लंडनच्या तबकडीवर बारा ते एक या तासाला १२ अंशांहून किंचित कमी जागा मिळते, तर पाच ते सहा या तासाला जवळजवळ १९ अंश. उन्हाळ्यात तेथे पहाटे चारपूर्वीच सूर्योदय होत असल्याने पहाटे चार ते रात्री आठपर्यंतचे तास सहसा कोरलेले असतात.

हे काम गणिती उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांचे होते. सतराव्या शतकातील लंडनचा एलायस ॲलन त्यांत अग्रगण्य मानला जातो. विल्यम ऑट्रेड या गणितज्ञाने आखलेली उपकरणे त्याने पितळेत उतरवली. प्रख्यात घड्याळजी थॉमस टॉम्पियन यानेही सूर्यघड्या घडवल्या. यात विसंगती काहीच नव्हती, कारण त्या काळची यांत्रिक घड्याळे वेळोवेळी सूर्यघडीशी ताडून लावावी लागत.

मात्र सौरवेळ आणि घड्याळाची वेळ तंतोतंत जुळत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्यघडी सुमारे १६ मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यास १४ मिनिटे मागे असते. उत्तम तबकड्यांवर या फरकाचे तारीखवार कोष्टक कोरलेले असते. इंग्लंडने १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्यामुळे तबकडीवर १७०० सालचा उल्लेख असेल आणि कोष्टक मात्र आजच्या तारखांशी जुळत असेल, तर संशय घ्यावा.

रेल्वेने १८४० च्या दशकात गावोगावची स्थानिक वेळ मागे सारून लंडनची वेळ रूढ केली. १८८० मध्ये ग्रिनिचच्या वेळेला कायद्याची मान्यता मिळाली. सूर्यघडीचा व्यवहारातील उपयोग ओसरला आणि बागेची शोभा म्हणून तिला मागणी वाढली. जुन्या साली कोरलेल्या नकला याच हौसेपोटी तयार झाल्या. लंडनच्या कारागिरांची नावे घातलेल्या नव्या पितळी वस्तू भारतातील बाजारांतही मिळतात.

खरेदीदाराने म्हणूनच नावावर आणि सालावर विसंबू नये. सोबत कोनमापक ठेवावा. तासांच्या रेघा घड्याळाप्रमाणे समान अंतरावर असतील किंवा शंकूचा कोन इंग्लंडच्या अक्षांशाशी जुळत नसेल, तर ती घडी इंग्लंडमध्ये वेळ पाहण्यासाठी घडवलेली नव्हे. हाताने कोरलेल्या रेघांच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेतील अक्षरे बोथट दिसतात.

आपल्याकडे पितळ म्हटले की चिंचेने घासून लखलखीत करण्याची सवय आहे. सूर्यघडीबाबत ती कटाक्षाने टाळावी. वर्षानुवर्षे चढलेला काळपट-हिरवा थर हा तिच्या वयाचा पुरावा असतो आणि घासण्याने नाजूक रेघा झिजतात. ब्रिटनमधील बागांतून सूर्यघड्या चोरीस जातात, हेही ध्यानात ठेवावे. घडी मुळात कोठे उभी होती, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. त्या स्थळाचा अक्षांश शंकूच्या कोनाशी ताडून पाहिला, की उत्तर कितपत खरे आहे, याचा अंदाज येतो.