इलेक्ट्रिक गिटार : नेकची तपासणी

इलेक्ट्रिक गिटारची नेक (मान) तारांच्या ताणाखाली किती वाकली आहे हे मोजून तो बाक योग्य मर्यादेत आणण्याची प्रक्रिया. सेटअपमध्ये हे काम सर्वांत आधी करतात. बाक बदलला की तारांची उंची बदलते आणि स्वरही हलतात. त्यामुळे नेककडे दुर्लक्ष करून ब्रिजवर केलेली मेहनत वाया जाते.

बाकाचे कारण : 10–46 या प्रचलित संचातील सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 45 किलो भरतो आणि नेक तारांच्या बाजूला ओढली जाते. हा ताण तोलण्यासाठी नेकच्या आत पोलादी ट्रस रॉड बसवतात. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांच्या अशा रॉडला 1923 मध्ये पेटंट मिळाले. मात्र नेक अगदी सरळही ठेवत नाहीत. छेडलेली तार मधल्या भागात जास्त हलते. तिला जागा मिळावी म्हणून किंचित बाक राखतात. त्याला ‘रिलीफ’ म्हणतात.

मापन : तारा सुरात लावून गिटार वाजवण्याच्या स्थितीत धरतात; आडवी ठेवल्यास माप फसू शकते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार शेवटच्या फ्रेटवर दाबतात. आता ही ताणलेली तारच सरळ पट्टीचे काम करते. तार आणि आठव्या फ्रेटचा माथा यांतील फट फीलर गेजने मोजतात. गेजची पाती तार न उचलता अलगद सरकली पाहिजे. फिंगरबोर्डची त्रिज्या 9.5 ते 12 इंच असल्यास सुमारे 0.25 मिमी., तर 7.25 इंच असल्यास सुमारे 0.3 मिमी. फट ठेवावी, अशी फेंडर कंपनीची शिफारस आहे.

निदान व दुरुस्ती : फट जास्त असल्यास नेकच्या मध्यावर तारा दाबायला जड जातात, फटच नसल्यास सुरुवातीच्या फ्रेटांवर तारा खरखरतात. ट्रस रॉडचा नट समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवल्यास बाक कमी होतो, उलट फिरवल्यास वाढतो. एका वेळी पाव फेरा पुरे. त्यानंतर तारा पुन्हा सुरात लावून माप घ्यावे. नट अडल्यास जोर लावू नये, कारण तुटलेला रॉड बदलणे फार अवघड असते. नेकला पीळ पडला असेल, तर एकेरी रॉडने तो निघत नाही. अशी नेक कारागिराकडे न्यावी.

लाकूड हवेतील ओल शोषते आणि सोडते. मुंबई-गोव्याच्या किनारपट्टीवर म्हणूनच पावसाळ्याच्या सुरुवातीस आणि अखेरीस रिलीफ पुन्हा मोजणे हिताचे.