सोबत

मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात चढलं की पहिला प्रश्न कानावर येतो, "कुठं उतरणार?" नवख्या बाईला तो आगाऊपणा वाटतो. विचारणारीला खरं तर फक्त आपली बसायची जागा हवी असते. पण या प्रश्नामुळे डब्यातल्या प्रत्येकीला दुसरीचं स्टेशन ठाऊक होतं. ही सवय कुठून आली, ते आज बघू.

आधी थोडं मागं जावं लागेल. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी सुटली 16 एप्रिल 1853 ला. त्या काळी बाईच्या प्रवासाची तयारी दशम्या बांधण्यापासून सुरू व्हायची नाही, सोबत शोधण्यापासून व्हायची. त्या बाजूला जाणारं ओळखीचं कुणी आहे का, भाऊ येईल का, शेजारचे आजोबा पंढरपूरला निघालेत का. सोबत मिळाली तर माहेर, नाही मिळाली तर पुढच्या खेपेला. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलमध्ये डॉक्टर व्हायला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, तेव्हा नवरा बरोबर नव्हता, पण मिशनरी बायकांची सोबत बघूनच त्यांना पाठवलं होतं. सोबत बघणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी सुरक्षेची सवय म्हणायला हवी. तिच्यात शहाणपण होतं, यात वाद नाही. पण सोबत कोण, कधी, कुठवर, हे ठरवायचे घरातले. बाईनं नुसतं मागं मागं चालायचं.

रेल्वेनं तिसऱ्या वर्गाच्या डब्यात माणसं कोंबली आणि हा प्रश्न घराबाहेर आला. बायकांना वेगळी जागा द्या, अशी मागणी होऊ लागली. बोलणं बरंचसं पडद्याचं आणि घराण्याच्या अब्रूचं होतं. बाईच्या जिवाचं त्या मानानं कमीच. शेवटी 1890 च्या रेल्वे कायद्यात आलं, की 1 जानेवारी 1891 पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सगळ्यात खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायचा. गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असेल, तर त्या कप्प्याला संडासही हवा. पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर. त्याहून कमी अंतराला बाईनं कळ काढायची, असाच त्याचा अर्थ झाला!

तरी हा कायदा मोठाच होता. गरीब बाईलाही हक्काची जागा मिळाली. पण तेव्हाच्या डब्यांत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची वाट नसे. गाडी सुटली की पुढचं स्टेशन येईपर्यंत आतली माणसं आत आणि बाहेरची बाहेर. म्हणजे राखीव कप्पा भरलेला असला तर आधार, रिकामा असला तर सापळा. पाटी तीच.

हे नीट कळलं ते रोज नोकरीला जाणाऱ्या बायकांना. फोर्टात, गिरणीत, शाळेत, टेलिफोनच्या कचेरीत जाणाऱ्या बाईला रोज भाऊ कुठला मिळणार? मग तिनं सोबत डब्यातच केली. तीच गाडी, तोच दरवाजा, त्याच चौघी. भाजी निवडणं, भजनं, डब्यातली हळदीकुंकवं, याची गंमत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मला त्यातली हजेरी महत्त्वाची वाटते. रोजची एखादी दोन दिवस दिसली नाही की चौकशी होते. कुणी अनोळखी माणूस दारात रेंगाळला की चौघींच्या नजरा एकदम तिकडे वळतात. यासाठी वर्ग कुणी घेतले नव्हते. पश्चिम रेल्वेनं 5 मे 1992 ला चर्चगेट ते बोरिवली पूर्ण गाडीच बायकांची केली, तोवर या मंडळींचं राज्य चांगलं मुरलेलं होतं.

आणि हो, पिन! साडीच्या निऱ्यांना लावायची ती. गर्दीच्या पुलावर, बसमध्ये ती उघडून हातात धरणाऱ्या कितीतरी जणी तुम्हाला भेटतील. सेफ्टी पिनचं पेटंट 1849 चं, अमेरिकेतलं. तिथल्याच बायका पुढे टोपीची लांब पिन अशाच कामाला वापरू लागल्या, तर शिकागोच्या नगरपालिकेनं 1910 मध्ये काय करावं? नऊ इंचांहून लांब पिनेवर बंदी घातली. आगाऊ हात मोकळेच.

पण नुसती माणसं असणं म्हणजे सोबत नव्हे. ऑगस्ट 2002 मध्ये बोरिवलीकडे जाणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये एका मतिमंद, अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. डबा रिकामा नव्हता. पाचेक प्रवासी होते. त्यांनी त्या माणसाला आवरलं नाही. हे सांगताना आजही घसा कोरडा पडतो. बायकांनी सावध राहावं असं आपण सतत सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण त्या मुलीनं काय सावध राहायचं होतं? सावध राहायचं होतं त्या पाच जणांनी.

सध्याच्या, म्हणजे 1989 च्या रेल्वे कायद्यात एक कलम आहे, 139 वं. पुरुषाच्या सोबतीशिवाय जाणाऱ्या बाईजवळ तिकीट नसलं, तरी तिला भलत्या स्टेशनावर उतरवता येत नाही. ती जिथून निघाली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, एवढ्याच जागी उतरवायचं, तेही दिवसाउजेडी. कायदा लिहिणाऱ्यांना रात्रीचा ओसाड फलाट डोळ्यांपुढे दिसला होता, एवढं नक्की. रेल्वेच्या मदतीचा फोन नंबरही 139 च आहे, त्यामुळे दोन्ही एकदमच लक्षात राहतात.

लोकलचे काही बायकांचे डबे चोवीस तास राखीव असतात, काही ठरावीक वेळेपुरतेच. वेळ डब्यावर लिहिलेली असते, चढण्याआधी वाचावी. रात्री शेवटच्या गाडीनं कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या प्रवासी बायका आणखी एक करतात. डबा रिकामा होत आला की मागं उरणारीला विचारतात, "तू कुठं उतरणार?" तिचं स्टेशन पुढचं असलं तर म्हणतात, "चल, इथंच उतर आणि पोलीस बसलाय त्या डब्यात जा." आणि ती चढेपर्यंत फलाटावर थांबतात.