धुण्याच्या गाठोड्याचा माग

सरकारजवळ आज माणसाचा माग काढणारी नाना यंत्रे आहेत. ही यंत्रे नेमके काय शोधतात, याचे उत्तर मला इटलीतल्या सिसिली बेटाच्या इतिहासात सापडते.

तिथला माफियाप्रमुख बर्नार्डो प्रोव्हेन्झानो १९६३ साली फरार झाला. पोलिसांजवळ फोटो होता तो त्याच्या तरुणपणीचा. फोनला तो हात लावत नसे. टाइपरायटरवर बडवलेल्या छोट्या चिठ्ठ्या विश्वासू माणसांच्या हातून फिरत. त्यांत नावांऐवजी आकडे. कवी म्हणून मला त्या चिठ्ठ्यांचे कुतूहल वाटते: इतके थोडे शब्द आणि एवढी दहशत! शेवटी पोलिसांनी पाळत ठेवली ती बायकोच्या घरून निघणाऱ्या धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर. कॅमेऱ्यांच्या नजरेखालून ते गाठोडे कोर्लेओने गावाजवळच्या एका शेतघरात पोहोचले आणि ११ एप्रिल २००६ रोजी, त्रेचाळीस वर्षांनी, तो पकडला गेला.

दुसरा मात्तेओ मेस्सिना देनारो, १९९३ पासून फरार. १९९२ साली फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो या न्यायाधीशांच्या हत्या झाल्या. त्यांतल्या सहभागाबद्दल न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली होती. बहिणीच्या घरात चोरून ध्वनियंत्रे बसवताना पोलिसांना त्याच्या आजाराची टिपणे असलेली चिठ्ठी मिळाली. मग आरोग्य खात्याच्या नोंदींतून कर्करुग्णांची यादी निघाली. वय, आजार, शस्त्रक्रिया अशा चाळण्या लावत पोलीस एका नावापाशी आले. ते नाव दुसऱ्याचेच होते; शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या दुसऱ्याचा फोन भलत्याच ठिकाणी होता. १६ जानेवारी २०२३ रोजी उपचारासाठी पालेर्मोच्या दवाखान्यात आलेला मेस्सिना देनारो तिथेच सापडला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला.

चेहरा लपवता येतो, गरज लपवता येत नाही. एकाला धुतलेला सदरा हवा होता, दुसऱ्याला औषध. यंत्राने तेवढेच हेरले.

हे दोघे सापडले, याचे मला समाधान आहे. मारल्या गेलेल्यांच्या घरांना तेवढा तरी न्याय मिळाला. पण त्या चाळणीतून निरपराध रुग्णांची नावेही गेली. डॉक्टरांवर विश्वास ठेवून काढलेला आपला केसपेपर हा पोलिसांचा दप्तरखाना नव्हे. एका गुन्हेगारासाठी न्यायव्यवस्थेच्या देखरेखीखाली ते कपाट जरूर उघडावे. काम झाले की ते बंद झाले का, हे मात्र तुम्हीआम्हीच विचारत राहिले पाहिजे.