बॉम्बे टू गोवा

हिंदी विनोदी चित्रपट, प्रदर्शन १९७२. दिग्दर्शन एस. रामनाथन, गीते राजेंद्र कृष्ण, संगीत राहुलदेव बर्मन. प्रमुख भूमिका : अमिताभ बच्चन, अरुणा इराणी, मेहमूद, शत्रुघ्न सिन्हा. 'मद्रास टू पाँडिचेरी' (१९६६) या तमिळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. एकाच गाडीत कोंबलेल्या अनोळखी माणसांचा विनोद हिंदीत यापूर्वीही झाला, पण इतका भरगच्च क्वचितच.

कथानक : सिनेमाचे वेड लागलेली माला (अरुणा इराणी) शर्मा (शत्रुघ्न सिन्हा) आणि वर्मा (मनमोहन) या भामट्यांच्या नादी लागते. पैशांच्या भानगडीतून तिच्या डोळ्यांदेखत खून होतो आणि जीव मुठीत धरून ती गोव्याची बस पकडते. पाठोपाठ रवी (अमिताभ बच्चन) त्याच बसमध्ये चढतो. पुढे पाठलाग, मारामारी, प्रेम. कथा म्हणून एवढेच.

बस व प्रवासी : चित्रपटाचा खरा जीव येथे आहे. ड्रायव्हरचे नाव राजेश आणि कंडक्टरचे खन्ना. राजेश खन्नाची लोकप्रियता शिगेला असतानाच्या काळात ही कोटी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नसेल. कंडक्टर मेहमूद, तर ड्रायव्हर त्यांचे धाकटे बंधू अन्वर अली. दोघांची जुगलबंदी पाहताना पडद्यामागचा घरोबा जाणवतो. मुक्रींच्या कुटुंबातील खादाड मुलाच्या तोंडाला कापड बांधलेले असते. भजी दिसली की त्याचा 'पकोडा, पकोडा' असा घोष सुरू होतो आणि आईबापांची तारांबळ उडते. केश्टो मुखर्जींचा प्रवासी बराचसा प्रवास झोपेत काढतो. मूकपटांच्या काळापासून काम करणाऱ्या ललिता पवारही याच गाडीत आहेत. अशा नटांची नावे श्रेयनामावलीत खाली असतात आणि कोशांतून बहुधा गळतात. या चित्रपटात मात्र त्यांना वगळले तर रिकामी बस उरेल. किशोर कुमार स्वतःच्याच भूमिकेत भेटतात.

मैत्री व निवड : अमिताभ आणि अन्वर अली यांची ओळख 'सात हिंदुस्तानी' (१९६९) पासूनची. ख्वाजा अहमद अब्बास यांचा तो चित्रपटही गोव्याचाच, पण गोवामुक्तीच्या लढ्याचा. उमेदवारीच्या दिवसांत अमिताभला मेहमूद यांच्या घरी आसरा मिळाला होता. नायकाच्या निवडीबद्दल अनेक रंजक आख्यायिका सांगितल्या जातात. त्या येथे दिलेल्या नाहीत. 'नायक म्हणून अमिताभचा पहिला चित्रपट' असा उल्लेखही आढळतो, तो जपून घ्यावा. यातील मारामारीचे दृश्य पाहून सलीम-जावेद यांना 'जंजीर' (१९७३) साठी अमिताभ योग्य वाटला, असे मात्र त्या दोघांच्या बोलण्यात आलेले आहे. मार खाऊन उठतानाही च्युइंगगम चघळत राहणारा तो तरुण त्यांच्या लक्षात राहिला.

संगीत : राहुलदेव बर्मन यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मेहमूद यांनीच 'छोटे नवाब' (१९६१) मध्ये दिली होती. येथे किशोर कुमारच्या आवाजातील, बसमध्येच चित्रित झालेले 'देखा ना हाय रे' सर्वाधिक गाजले. अमिताभचा संकोच झटकून केलेला नाच त्याच गाण्यात पाहावा. उषा अय्यर (पुढे उषा उथुप) इंग्रजी गाणे म्हणताना पडद्यावर दिसतात.

छायाचित्रण : साधे.

दिग्दर्शक : रामनाथन यांनी मेहमूदबरोबर 'दो फूल' (१९७३) आणि अमिताभबरोबर 'महान' (१९८३) हे चित्रपटही केले.

प्रभाव : 'जर्नी बॉम्बे टू गोवा' (२००७) या चित्रपटाने नाव उचलले. मराठीत याच्या जवळचा चित्रपट म्हणजे सचिन पिळगावकर यांचा 'नवरा माझा नवसाचा' (२००४). गोव्याऐवजी गणपतीपुळे, खासगी गाडीऐवजी एसटी, कंडक्टर अशोक सराफ. किशोर कुमारच्या जागी सोनू निगम. साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे, पण लाल डबा, नवस आणि कोकणचा रस्ता यांमुळे तो पुरता मराठी झाला. त्याच्या २०२४ मधील दुसऱ्या भागात प्रवास कोकण रेल्वेने होतो.